महिनाभराची अर्जित रजा आणि तबल्याची पहिली परीक्षा

घरात लग्नकार्य नाही, आजारपण नाही, बांधकाम नाही, आणि तरीही एखाद्या शासकीय कर्मचाऱ्याने महिनाभराची रजा मागितली, तर आपल्याकडे त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिले जाते. मी एप्रिल-मे २०२५ मध्ये अशी रजा घेतली, त्या रजेत आधी पोटभर झोपले, मग तबला शिकायला बसले आणि नोव्हेंबरमध्ये प्रारंभिक परीक्षा दिली. या सगळ्याची कागदोपत्री बाजू, खर्च आणि घरातल्या वाटाघाटी येथे क्रमाने लिहीत आहे, कारण अर्ज करण्यापूर्वी हीच माहिती ज्याला विचारावी असा माणूस मला सापडत नव्हता.

मी सांगली जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयात लिपिकवर्गीय पदावर आहे आणि नोकरीला वीस वर्षे होऊन गेली आहेत. २०२४ हे वर्ष आम्हा बहुतेकांचा घाम काढणारे ठरले. ७ मे रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान झाले, जुलैपासून लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची रीघ लागली आणि त्यातून मान वर काढेपर्यंत २० नोव्हेंबरची विधानसभा निवडणूक येऊन ठेपली. पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे खरा, परंतु त्या वर्षी आमचे बरेचसे शनिवार प्रशिक्षणात आणि याद्या जुळवण्यातच गेले. मतमोजणी संपल्यावर दोन-चार दिवसांत थकवा उतरेल, असे मी धरून चालले होते; प्रत्यक्षात डिसेंबर अर्धा सरला तरी सकाळी उठल्याबरोबर अंग मोडून आल्यासारखे वाटत असे, साधी टिपणी लिहायला अर्धा दिवस लागत असे आणि खिडकीसमोर माणूस येऊन उभा राहिला की त्याचे काम काय हे कळण्याआधीच त्याचा त्रास वाटू लागे.

प्रथम आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, आणि माझ्यासारखी अवस्था असलेल्या प्रत्येकाने हीच पायरी आधी चढावी असे मला वाटते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ब १२ आणि ड जीवनसत्त्व अशा तपासण्यांना मिळून साधारण दोन हजार रुपये लागले. ब १२ कमी निघाले, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, बाकी सारे ठीक होते. डॉक्टरांनी झोप, भूक, मनाची उदासी, रडू येणे, नकोसे विचार यांबद्दलही शांतपणे विचारले आणि सांगितले की, कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अशा थकव्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केली आहे, मात्र रोग म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित अवस्था म्हणून. शीण, कामाबद्दलचा तुटकपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, या तिन्ही खुणा मला लागू पडत होत्या. विश्रांती घेऊनही उदासी हटली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे, असे त्यांनी तेव्हाच बजावले आणि टेलिमानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून दिला. मला त्या क्रमांकाची गरज पडली नाही, पण ज्यांना पडेल त्यांनी तबल्यावर किंवा आणखी कोणत्या छंदावर विसंबून फोन करायचे टाळू नये.

आता रजेचा प्रश्न. वर्षाच्या आठ नैमित्तिक रजांमधून एखाद-दुसरा दिवस काढून भागणार नव्हते. अर्जित रजा, म्हणजे नोकरीच्या काळात खात्यावर साठत जाणारी पगारी रजा, मात्र माझ्याकडे भरपूर होती. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे ती दर १ जानेवारीला आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस आगाऊ जमा होते आणि तिचा साठा तीनशे दिवसांपर्यंतच राहतो. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण होत असल्याने आमच्याकडे ती रजा सोन्यासारखी जपली जाते आणि ती ‘उगाच’ घेणाऱ्याला वेड्यात काढले जाते. मी कागदावर हिशोब मांडला. निवृत्तीला अजून बारा वर्षे होती, तेवढ्या काळात साठा पुन्हा सहज भरणार होता, आणि मर्यादेच्या वरची रजा तशीही वाया जाणार होती. ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे त्यांचे गणित वेगळे असेल, हे मान्य.

सहकाऱ्यांचा सल्ला असा की, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे आणि परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून) घ्यावी, म्हणजे अर्जित रजेला हात लागणार नाही. ती वाट मी दोन कारणांनी सोडली. परिवर्तित रजेच्या दुप्पट दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून वजा होतात, आणि अर्धवेतनी रजा वर्षाला वीसच दिवस मिळते. खरेखुरे मोठे आजारपण आले तर त्या साठ्याचा उपयोग व्हावा, असे मला वाटले. दुसरे असे की, वैद्यकीय रजेवरून परतताना योग्यता प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मी आजारी नव्हते, दमलेली होते.

१३ जानेवारीला विहित नमुन्यात अर्ज भरला. ‘रजेचे कारण’ या रकान्यात मी ‘विश्रांती’ असे लिहिलेले पाहून आस्थापना शाखेतले आमचे जुने सहकारी म्हणाले, “ताई, असं कुणी लिहीत नाही. घरगुती कारणास्तव लिहा, साहेब विचारायचेसुद्धा नाहीत.” मी कारण बदलले नाही. साहेबांनी अर्थातच बोलावून घेतले, विचारपूस केली आणि एकंदर बोलणे सौजन्याचेच झाले. परंतु जानेवारीतच सर्व कार्यालयांना शंभर दिवसांचा कृती आराखडा आला होता आणि पाठोपाठ मार्चअखेर होती, त्यामुळे ‘एप्रिलच्या उत्तरार्धात विचार करावा’ असा शेरा मारून अर्ज शाखेत परत आला. येथे एक नियम माहीत असलेला बरा. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, सेवेच्या निकडीमुळे ती नाकारता येते, पण आपण मागितलेल्या रजेचा प्रकार आपल्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. म्हणजे ‘अर्जितऐवजी दुसरी काहीतरी घ्या’ असे कोणी तोंडी सुचवले, तर ती केवळ सूचना असते, आदेश नव्हे. अर्ज आवक-जावकमध्ये देऊन पोच घेतली होती, त्याचा मार्चमध्ये फार उपयोग झाला, कारण मधल्या काळात शाखेतला माणूस बदलला आणि नव्या सहकाऱ्याच्या टेबलावर माझा अर्ज नव्हताच. पोचपावतीवरचा क्रमांक दाखवल्यावर तो दुसऱ्याच एका नस्तीत, म्हणजे फाइलीत, निघाला.

मंजुरीचा आदेश ९ एप्रिलला हातात पडला. सोमवार, २१ एप्रिल ते शुक्रवार, १६ मे अशी रजा, आणि मागे-पुढे येणारे शनिवार-रविवार जोडून घेण्याची परवानगी. ही परवानगी अर्जातच मागावी लागते. रजेच्या पोटात येणाऱ्या सुट्ट्या, माझ्या बाबतीत १ मे आणि बुद्धपौर्णिमा, रजेतच धरल्या जातात. जोडून येणाऱ्या मात्र धरल्या जात नाहीत. आणखी एक बारकावा वेतनाच्या टेबलावरून समजला: पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर गेल्यास त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळत नाही. म्हणून एका महिन्याच्या मध्यावरून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत रजा घेणे फायद्याचे. गावाबाहेर जाण्याचा विचार असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगीही त्याच अर्जात मागावी.

प्रभार सोपवताना मी प्रलंबित नस्त्यांची यादी केली. कोणती नस्ती कोणत्या कपाटात, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या तारखेपूर्वी हलवायला हवी, एवढेच त्यात होते. तिच्या एका प्रतीवर प्रभार घेणाऱ्या सहकाऱ्याची स्वाक्षरी घेतली आणि काही अडल्यास दुपारी चार ते पाच या वेळेत फोन करावा असे सांगितले. पहिल्या आठवड्यात रोज फोन आले, दुसऱ्यात एखाद-दुसरा, आणि नंतर थांबले.

कार्यालयाची रजा मंजूर झाली, घरची व्हायची होती. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. माझा आदेश घरी आल्यावर सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया अशी होती: “बरं झालं, यंदा कुरडया, सांडगे, पापड सगळं घरीच होईल. गहू कधी भिजत घालूया?” गव्हाचा चीक काढणे म्हणजे काय असते हे ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे: गहू तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, मग वाटायचे, गाळायचे, चीक रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे उठून घोटायचा, कारण ऊन चढण्याआधी कुरडया साड्यांवर पडल्या पाहिजेत. सासूबाईंच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हते. त्यांच्या आयुष्यात बाईने घरी असणे आणि मोकळे असणे या एकत्र घडणाऱ्या गोष्टी कधी नव्हत्याच. माझ्या मते स्त्रियांच्या विश्रांतीचे खरे घोडे येथेच अडते, आणि योग, ध्यान, छंद यांवरचे सल्ले या वळणाशी येऊन बहुधा गप्प होतात.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून कार्यालयासारखीच वाटणी केली. सकाळचा चहा आणि डबे पतीकडे गेले. पोळ्यांसाठी एका ताईंना महिन्याला अठराशे रुपयांवर लावले, आणि हा खर्च आम्ही रजेनंतरही चालू ठेवला आहे. कुरडयांचा एक घाणा करायचा, पापड-सांडगे बचत गटाकडून विकत आणायचे, यावर सासूबाईंची समजूत पटली. थोडी नाराजी राहिली, ती मी राहू दिली. येणाऱ्या पाहुण्यांना ‘मी रजेवर आहे’ याऐवजी ‘डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे’ असे सांगायचे ठरले, आणि ते खरेही होते.

पहिला आठवडा मला आवडला नाही, हे स्पष्ट लिहिते. पाच वाजता डोळे उघडत, मग कार्यालयातले काहीतरी आठवे, मग झोप उडे. दुपारी आडवे झाले की जणू चोरी करत असल्यासारखे वाटे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोनच गोष्टी मी नेटाने केल्या: उठण्याची वेळ एकच ठेवली, आणि मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवून घड्याळाचा गजर लावू लागले. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ द्यायची नाही, असेही त्यांनी बजावले होते, आणि ते पाळल्यावर रात्रीची झोप सलग होऊ लागली. सकाळी कृष्णाकाठी आयर्विन पुलापर्यंत चालून यायचे, वर्तमानपत्र शब्दकोड्यासह संपवायचे, बाकी काही ठरवायचे नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी भूक परत आली आणि कंटाळाही आला. कंटाळा येणे ही चांगली खूण होती, कारण डिसेंबरमध्ये मला कशाचा कंटाळा यावा एवढाही जोर नव्हता. छंद लावून घ्या असे सांगणारे बरेच भेटतात. पण झोप भरून निघण्याआधी मी तबल्याला हात लावला असता, तर ते आणखी एक काम होऊन बसले असते, याबद्दल मला शंका नाही.

तबल्याची निवड फार विचारपूर्वक झाली, असे नाही. मुलीने शाळेत असताना थोडे शिकून सोडून दिलेली तबला-डग्ग्याची जोडी माळ्यावर होती. ती खाली काढली तेव्हा तबल्याच्या पुडीची (वरच्या चामड्याची) शाई, म्हणजे मधला काळा गोल, तडकलेली आणि डग्ग्याची पुडी एका बाजूने फाटलेली दिसली. मिरजेला एका कारागिरांकडे नेली. मिरज तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, पण चर्मवाद्यांची दुरुस्ती करणारेही तिथे आहेत. दोन्ही पुड्या नव्या बसवून अडीच हजारांच्या आसपास खर्च आला आणि आठवडाभर थांबावे लागले. जोडी घ्यायला गेले तेव्हा ते शेवटची वादी, म्हणजे पुडी ताणणारी चामड्याची पट्टी, ओढत होते. पायाने खोड दाबून धरायचे, दोन्ही हातांनी वादी खेचायची, मग गट्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकत गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या गुंफलेल्या कडेवर, हातोडीचे हलके घाव घालत एकेक घर स्वरात आणायचे. पेटीवर काळी एकचा स्वर दाबून ते किनारीवर बोट मारत होते, मान हलवत होते आणि पुन्हा ठोकत होते. मी तासभर नुसती बघत बसले. कोणतीही नोंद न घेता तासभर एखादी गोष्ट पाहिली, असे त्याआधी कधी झाले होते ते मला आठवेना.

क्लासची फी महिन्याला आठशे रुपये, आठवड्यातून दोन संध्याकाळी. गुरुजींनी पहिल्याच दिवशी विचारले की परीक्षा द्यायची आहे की आनंदासाठी शिकायचे आहे. मी आनंदासाठी म्हटले, आणि ते अर्थातच खरे होते. तरीही जुलैत मी मत बदलले, त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. १९ मेला रुजू अहवाल देऊन कामावर गेल्यावर संध्याकाळचा रियाज घरात सर्वांना ‘जमल्यास’ या सदरातला वाटू लागला. पाहुणे आले, नळाला पाणी उशिरा आले, कोणाचा डबा राहिला, की पहिली काट रियाजाला. परीक्षेची तारीख ठरली की घर त्या तारखेचा मान राखते, एवढे मुलांच्या परीक्षांवरून मला माहीत होते. गुरुजी हसले आणि ऑगस्टमध्ये माझा अर्ज भरून घेतला. अर्ज, शुल्क, छायाचित्रे मिळून खर्च हजाराच्या आत राहिला.

ही परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्याची ही परंपरा. आणि पलुस्करांचे स्वतःचे शिक्षण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत झाले होते, हे मला इतकी वर्षे शेजारी राहूनही ठाऊक नव्हते. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. प्रारंभिकला लेखी पेपर नसतो. परीक्षकांसमोर बसून वाजवायचे, हातावर ताल म्हणून दाखवायचे आणि मात्रा, सम (तालाची पहिली मात्रा), टाळी, खाली (टाळी न देता हात बाजूला करायची मात्रा) अशा साध्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. आमच्या तयारीत त्रितालातला ‘धाधा तिट धाधा तूंना’ हा कायदा (ठरावीक बोलांची रचना) पलट्यांसह, म्हणजे त्याच बोलांच्या फेरमांडणीसह, आणि तिहाईसह, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या शेवटच्या तुकड्यासह, शिवाय झपताल, दादरा, केहरवा यांचे ठेके होते.

चाळिशीनंतर शिकणाऱ्यांनी दोन अडचणी धरून चालाव्यात. एक म्हणजे मांडी घालून बसणे. गुरुजींनी माझ्याकडून चौघडी करून तिच्यावर बसण्याची आणि दर दहा मिनिटांनी पाय मोकळे करण्याची सवय करून घेतली. दुसरी म्हणजे बोटांचा ताठरपणा. ‘तिट’चा ‘ति’ मधल्या बोटाने शाईवर बंद वाजायला हवा, तो माझ्याकडून दोन महिने नुसता फटका पडल्यासारखा पडत होता. पावसाळ्यात दमट हवेने पुडी सैल पडते, तेव्हा स्वर उतरला म्हणून स्वतःला बोल लावू नये. जोडी गवसणीत घालून कोरड्या जागी ठेवावी आणि हातोडी स्वतः चालवण्यापूर्वी शिकून घ्यावी.

परीक्षा नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात आली, आणि २ डिसेंबरला नगरपरिषदांच्या निवडणुकांचे मतदान होते. म्हणजे प्रशिक्षण, साहित्याची तपासणी आणि परीक्षा, सगळे एकत्र. मागच्या वर्षी याच सुमारास माझी जी अवस्था झाली होती, ती मला चांगली आठवत होती, म्हणून मी रियाज सोडण्याऐवजी लहान केला. संध्याकाळी फक्त पंधरा मिनिटे वाद्यावर, आणि बसमध्ये पढंत, म्हणजे न वाजवता बोल म्हणणे. पढंतीला काही लागत नाही. मांडीवर बोटांनी मात्रा मोजत ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ मनात म्हणत राहायचे. झपतालाच्या दहा मात्रांत पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर टाळी, सहाव्यावर खाली. दहा मात्रा नीट मोजायच्या तर डोक्यात मतदानयंत्रांच्या याद्या एकाच वेळी फिरू शकत नाहीत, हा या वाद्याचा मला मिळालेला सर्वांत मोठा लाभ. झोपेची वेळ मात्र त्या आठवड्यातही हलवली नाही, आणि रियाज की झोप असा प्रश्न आला तेव्हा झोप घेतली.

केंद्रावर माझ्यापुढे तिसरी-चौथीतली मुले होती. माझ्या आधीचा मुलगा बाहेर येताना म्हणाला, “काकू, सम चुकली तरी थांबायचं नाही, ठेका धरायचा.” आत परीक्षकांनी कायदा, दोन पलटे आणि तिहाई ऐकली, हातावर झपताल दुप्पट लयीत म्हणायला लावला आणि खाली म्हणजे काय ते विचारले. दहा मिनिटांत सगळे आटोपले. निकाल पुढे यथावकाश लागला आणि मी उत्तीर्ण झाले.

येत्या एप्रिल-मे सत्राला प्रवेशिका प्रथम या पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा नाही, असे ठरवले आहे. परीक्षेमागून परीक्षा लावून घेतली की तिचेही उद्दिष्ट, तिचाही तक्ता आणि तिचाही मार्चअखेर तयार होतो. सध्या गुरुजींकडे एका मुलीच्या गाण्याबरोबर दादरा धरायला बसते, आणि ते परीक्षेपेक्षा अवघड आहे, कारण गाणारी थांबली की मलाही थांबता आले पाहिजे. थकवा मुळीच येत नाही असा दावा मी करणार नाही; डिसेंबरमध्ये मतमोजणी २१ तारखेपर्यंत लांबली, तेव्हा पुन्हा अंग जड झाले होते, पण ते चार दिवसांत उतरले. १ जानेवारीला खात्यावर पंधरा दिवस जमा झाले आहेत. जुलैसाठी छोट्या अर्जित रजेचा अर्ज आत्ताच देऊन पोच घेतली, मुख्यालय सोडण्याची परवानगी मागितली, आणि ‘रजा कालावधीतील पत्ता’ या रकान्यात या वेळी बहिणीचा कोल्हापूरचा पत्ता लिहिला आहे. सासूबाईंना तसे आधीच सांगून ठेवले आहे.